यादीत न दिसलेली आई

माझ्या मोठ्या भावाला ऑफिसात सगळे रिफ्रेशकाका म्हणायचे. शहरातल्या तेवीस सरकारी हॉस्पिटलांपैकी कुठूनही फोन आला की आत्ता टाकलेली नोंद दिसत नाही, यादी जुनीच दिसतेय, तर दादाचं उत्तर ठरलेलं: "पान रिफ्रेश करा." पुन्हा फोन आला तर, "पुन्हा रिफ्रेश करा." समोरचा वैतागून चहाला निघून जायचा आणि परत येऊन बघतो तर नोंद दिसायला लागलेली असायची. मग दादा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "बघा, यंत्रात काही नसतं. माणसांनाच दम नसतो."

हे वाक्य मला कधीच आवडलं नाही. पण मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि आमच्या घरात दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवाय तो चुकत नसे, हेही खरंच. विजेच्या प्रत्येक बटणाखाली त्याने चिठ्ठी चिकटवलेली, घड्याळातली बॅटरी कधी बदलली त्याची तारीख बॅटरीवरच लिहिलेली. असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेण्यासारखं. मी तरी आपटायचे. वहिनी हसायची आणि आई विचारायची, "काय झालं गं तुमचं?" दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारायची.

ती यादी दादाने का केली, ते सांगायला हवं. तो पंचवीस वर्षांचा असताना बाबा कामावरून येताना रस्त्यात कोसळले. कुणीतरी त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं, पण खिशात कागदाचा कपटाही नव्हता आणि त्यांची शुद्ध हरपलेली. दोन दिवस ते कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. दादा पायी अकरा हॉस्पिटलं फिरला. वॉर्डात शिरायचं, खाटेवरच्या माणसाचं पांघरूण जरा बाजूला करायचं, चेहरा बघायचा, पुढच्या खाटेकडे जायचं. अकराव्या ठिकाणी बाबा सापडले. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, पण दादा ते दोन दिवस कधी विसरला नाही. हॉस्पिटलांच्या नोंदणी खात्यात कारकून म्हणून लागल्यावर त्याने एका फाटक्या पुस्तकातून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. पहिली चाळीस पानं गायब होती, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू कसा करायचा ते सोडून मला सगळं येतं, असं तो चेष्टेने म्हणायचा. आणि सोळा वर्षांपूर्वी त्याने ती वेबसाइट उभी केली: अनोळखी रुग्णांची यादी. ज्याला स्वतःचं नाव-गाव सांगता येत नाही असा माणूस कुठल्याही हॉस्पिटलात आला की तिथल्या नोंदणीच्या खिडकीवर त्याची नोंद व्हायची. घरच्यांनी घरी बसून स्त्री की पुरुष, वय अंदाजे किती ते किती आणि कुठल्या तारखेपासून, एवढं भरायचं की यादी समोर यायची. पोलीससुद्धा तीच यादी बघत. पुढे कुणालाही आपल्यासारखी पायपीट करावी लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

आता त्या सोमवारचं सांगते. मला सांगायचं नाहीये, पण सांगते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आपलं सासरचं आडनाव ती विसरली होती, माहेरचं मात्र ठणठणीत आठवायचं. दादा आणि वहिनी कामावर गेले की सकाळी मी तिच्यापाशी यायचे. चष्म्याच्या दुकानात माझी पाळी दुपारची असते. त्या सोमवारी मी साडेदहाऐवजी चाळीस मिनिटं उशिरा पोचले. का, ते सांगण्यात अर्थ नाही. बस चुकली, एवढंच. वहिनी अकराला निघून गेली होती, मी येतच असेन या भरवशावर. मी आले तेव्हा दार सताड उघडं होतं, आईची खुर्ची रिकामी होती आणि दारातल्या दादाच्या जुन्या चपला नव्हत्या.

गल्ली, बाग, बसथांबा, वाण्याचं दुकान, सगळं पालथं घातलं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "गोळी घेतली होती का तिने सकाळची?"

घेतली नव्हती. ती मीच द्यायचे.

आईच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. रक्त पातळ ठेवायची गोळी दिवसातून दोनदा, चुकवायची नाही. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं की एखादी राहिली तर चालेल, पण दोन-तीन दिवस बंद पडली तर गुठळी होऊन थेट मेंदूत जाऊ शकते. आई हरवली हे संकट होतंच, पण आमच्या डोक्यात त्या क्षणापासून ही दोन-तीन दिवसांचीच टकटक सुरू झाली. ज्याच्या हाती ती लागेल त्याला गोळीचं माहीत असणार नव्हतं. आणि आईला आठवणार नव्हतं.

दादाने साडेअकराच्या सुमारास ऑफिसातूनच यादी बघितली. स्त्री, सत्तर ते ऐंशी, आजच्या तारखेपासून. उत्तर आलं: एकही नोंद नाही. साहजिक होतं, आई घर सोडून अर्धा तासही झाला नव्हता. मग वाटेतही मोबाइलवर यादी बघत तो पोलिसांकडे तक्रार देऊन घरी आला आणि त्याने पाळ्या लावल्या. खरंच लावल्या. कागदावर रेघा मारून, तीन रकाने करून.

"दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी यादी बघायची," तो म्हणाला. "तुझी वहिनी दोन तास, मग तू, मग मी. रात्री गजर लावून. खंड पडता कामा नये. तिला कुठेही आणलं की दहा मिनिटांत आपल्याला कळलं पाहिजे."

"आणि हॉस्पिटलं? मी जाते ना बघून," मी म्हटलं.

"तेवीस आहेत. तू एकाच्या दारात उभी असताना ती बाविसाव्यात येईल. ही यादी मी कशासाठी केलीये गं? पायपीट करायची नाही. रस्ते बघ, बागा बघ. हॉस्पिटलांचं यादी बघेल."

मी गप्प बसले. आयुष्यात ज्या ज्या वेळी गप्प बसले, त्यातल्या या वेळेबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

सोमवारची संध्याकाळ गेली. मंगळवार उजाडला. स्त्री, सत्तर ते ऐंशी, सोमवारपासून. एकही नोंद नाही. मी रस्त्याने चालता चालता बघायचे, रिक्षात बघायचे, दुकानाच्या काउंटरमागे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना एका डोळ्याने बघायचे. मालकाने शेवटी हात जोडून घरी पाठवलं. वहिनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी मोबाइल उभा करून ठेवायची आणि दहा मिनिटं झाली की ओल्या हाताच्या पाठीने तो दाबायची. एकही नोंद नाही. हे तीन शब्द इतक्यांदा वाचले की त्यांचा अर्थच लागेनासा झाला.  उत्तर आलं की जीव भांड्यात पडल्यासारखं व्हायचं, निदान वाईट बातमी तरी नाही म्हणून. आणि पुढच्याच क्षणाला वाटायचं, चांगली तरी कुठे आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी दादाला विचारलं, "एवढ्या मोठ्या शहरात दोन दिवसांत एकही म्हातारी अशी सापडली नाही? एकसुद्धा?"

"नाव सांगता न येणारेच फक्त यात येतात. कधीकधी आठवडाभर कुणी नसतं."

"पण तू आतून बघ ना. जिथे नोंदी खरोखर साठतात तिथे."

त्याने मान हलवली. डेटाबेसची किल्ली त्याच्याकडे राहिलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पेशंटांचे फोन नंबर बाहेर विकले, आणि तेव्हापासून आत डोकावायचं तर मुख्य कचेरीची लेखी परवानगी लागायची. दादाने सोमवारीच अर्ज दिला होता. साहेब म्हणाले होते, बघतो. ते बघत होते.

"आणि आत वेगळं काय असणार?" दादा म्हणाला. "जे आत आहे तेच यादी दाखवते. मी लिहिलंय ते." त्याचे डोळे लाल झाले होते, दाढी वाढली होती, आणि तरी त्या 'मी लिहिलंय'मध्ये पहिल्यासारखाच ताठा होता. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

बुधवारी सकाळी माझा धीर सुटला. गोळ्या बंद पडून दोन दिवस उलटले होते. मी कुणालाही न सांगता बस पकडली आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात गेले. विचार असा केला नव्हताच. माझ्या हातांना काहीतरी करायचं होतं, एवढंच.

नोंदणीच्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या. मी म्हटलं, "नाव न सांगता येणाऱ्या कुणी आजी आल्यात का? सोमवारपासून?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "आहेत की एक. सोमवारी संध्याकाळी आणलंय. वॉर्ड सहा, शेवटची खाट."

मी पळाले. चपला हातात घेऊन जिना चढले. वॉर्ड सहा लांबलचक होता, दोन्ही बाजूंना खाटा, आणि शेवटच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून एक पांढऱ्या केसांची बाई झोपलेली. "आई!" मी एवढ्या जोरात ओरडले की सगळा वॉर्ड उठून बसला.

ती वळली. आई नव्हती.

त्या एका क्षणात मला त्या म्हातारीचा राग आला, हे लाज बाळगून सांगते. ही का इथे, असं वाटलं. तिने माझ्याकडे बघून हात पुढे केला आणि विचारलं, "आलीस?" मी तिचा हात धरला. म्हटलं, "नाही हो आजी, मी दुसऱ्यांची." तिने समजल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

खाली येऊन मी खिडकीपाशीच्या बाकावर बसले.  सवयीने मोबाइल काढला, यादी दाबली. स्त्री, सत्तर ते ऐंशी, सोमवारपासून. एकही नोंद नाही. मोबाइल पिशवीत ठेवला, आणि मग एकदम झटका बसल्यासारखी उठले.

"ताई," मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "त्या वरच्या आजींचं वय काय लिहिलंय तुम्ही?"

"अंदाजे पंचाहत्तर."

"आणि यादीत कधी टाकलंत?"

"लगेच. सोमवारी सात वाजता. हा बघा नंबर." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नोंद होती. तारीख होती, वेळ होती, नंबर होता. मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्या पुढे वाकून बघत म्हणाल्या, "आमच्याकडे असं नेहमीच होतं. तिकडे फोन केला तर म्हणतात रिफ्रेश करा."

 मी तिथूनच दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिने सेव्ह केलं नसेल."

"नंबर आलाय दादा! माझ्या डोळ्यांनी बघितलाय!"

"मग तुझ्या मोबाइलमध्ये जुनं पान अडकलंय. रिफ्रेश कर."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खिडकीपुढे रांग होती, पेशंट होते, लहान मुलं होती, मला कशाचं भान राहिलं नाही. "तीन दिवस मी दुसरं काय करतेय? तीन दिवस! इथे एक म्हातारी सोमवारपासून पडलीये आणि तुझी यादी म्हणते एकही नोंद नाही. ही दिसत नाही तर आईसुद्धा दिसत नसेल. कळतंय का तुला? आईसुद्धा कुठेतरी असेल!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो इतकंच म्हणाला, "मी ऑफिसात पोचतो. तू ये."

दादाचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीत धूळ बसलेले पडदे, भिंतीला कपाटं, कोपऱ्यात मोडक्या कीबोर्डांचा ढीग. मी पोचले तेव्हा तो उभ्यानेच काम करत होता. त्याने तीन वेगवेगळ्या संगणकांवर यादी उघडली होती आणि तिन्हींवर तेच: एकही नोंद नाही. म्हणजे माझा मोबाइल निर्दोष सुटला. मग त्याने त्या मोठ्या हॉस्पिटलातून नोंदी इकडे येतात का ते तपासलं. येत होत्या. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलंय का ते बघितलं. बरोबर होतं. तारखांची गडबड असेल म्हणून तारीख लिहायच्या पद्धती तपासल्या. एकेका ठिकाणी तो थांबायचा, ओठ चावायचा, कागदावर फुली मारायचा आणि पुढे जायचा. मी शेजारी उभी राहून नखं खात होते. दीड वाजला, दोन वाजले. मध्येच साहेबांना फोन केला तर साहेब जेवायला गेलेले.

"दादा, मी टॅक्सी करते आणि बाकीची बावीस फिरते."

"थांब. दहा मिनिटं."

"तुझी दहा मिनिटं खड्ड्यात गेली!"

एवढं बोलले तरी तो चिडला नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्याने यादीचा मूळ प्रोग्रॅम उघडला, सोळा वर्षांत ठिगळं लावलेला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागला. आईच आम्हाला लहानपणी असं बोट ठेवून वाचायला शिकवायची. बोट खाली सरकत होतं, सरकत होतं, आणि एका जागी थांबलं.

ती ओळ त्याचीच होती. वर त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं: तात्पुरते. गर्दी ओसरल्यावर काढणे. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

मला ती तारीख आठवली. शहराबाहेर दोन बसची टक्कर झाली होती, हजारो लोक एकाच वेळी यादी बघायला लागले आणि वेबसाइट कोलमडली. दादाने बसल्या बसल्या तोडगा काढला होता आणि वेबसाइट तासाभरात उभी राहिली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. तेव्हा तो घरी पेढा मिळालेल्या पोरासारखा आला होता.

"काय केलं होतंस तू?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला.  मग एखाद्या परक्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगायला लागला. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कुणी विचारत असेल तर दर वेळी आत जाऊन शोधायचं नाही, पहिल्यांदा मिळालेलं उत्तर जपून ठेवायचं आणि तेच द्यायचं. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांनी ते उत्तर फेकून द्यायचं आणि नव्याने शोधायचं.

"मग पंधरा मिनिटांनी दिसायला हवं होतं ना?"

"हो. पण मी मोजायला चुकलो." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पंधरा मिनिटं पहिल्या प्रश्नापासून मोजायची होती. मी शेवटच्या प्रश्नापासून मोजली. कुणी विचारलं की पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू."

मला कळायला थोडा वेळ लागला.  सोमवारी साडेअकरा वाजता दादाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरंच कुणी नव्हतं. ते उत्तर पंधरा मिनिटांत मेलं असतं. ते आम्ही मरू दिलं नाही. वहिनीने ओट्यापाशी, मी काउंटरमागे, दादाने गजर लावून, तिघांनी पाळ्या लावून, डोळ्यांत तेल घालून, ते जिवंत ठेवलं. कुणी दमून तासभर झोपलं असतं तर आई दिसली असती. शोधायचा आळस केला असता तर आई दिसली असती.

टेबलावरचा फोन वाजला. वहिनी होती. "मी बघतेय हं," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "आत्ताच बघितलं. अजून नाहीये."

दादाने फोन माझ्या हातून घेतला. "थांब," तो म्हणाला. "हात लावू नकोस. ठेव तो मोबाइल. तुझं काही चुकलं नाही. ठेव."

मग त्याने कीबोर्ड ओढला. प्रश्न जरासा वेगळा असला की जपलेलं उत्तर उपयोगाचं नव्हतं, प्रोग्रॅमला आत जाऊन शोधावंच लागणार होतं. त्याने सत्तरच्या जागी एकोणसत्तर लिहिलं. एक वर्ष. एवढाच फरक. आणि बटण दाबलं.

तीन नोंदी आल्या. पहिली वॉर्ड सहामधल्या त्या आजींची. दुसरी कुणी जाड बाई, डोक्याला टाके पडलेल्या. तिसरी: अंदाजे पंचाहत्तर, कृश, करडा स्वेटर, पायात पुरुषी चपला, नावाऐवजी माहेरचं आडनाव सांगतात. दाखल सोमवार, दुपारी दोन.

हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. आई जन्मली ती वस्ती कधीकाळी तिथे होती. आता तिथे गोदामं आहेत. ती बस बदलून माहेरी गेली होती.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या पाठीत बुक्की मारली, जोरात, आणि म्हटलं, "ऊठ!"

आम्ही टॅक्सी पकडली. सोमवारपासून पिशवीत ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट मी मुठीत धरून बसले होते, जणू काही पोचल्याबरोबर दिली की सगळं भरून निघेल. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, मनातल्या मनात आणि एकदा तोंडाने. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सोमवारी दुपारी दोनपासून आम्ही कितीदा विचारलं, ते.

वॉर्डाच्या दारातच सिस्टर भेटल्या. दादाने आईचं नाव सांगितलं, वय सांगितलं, मग स्वेटर आणि चपलांचं सांगितलं. सिस्टरांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण तुम्ही?"

"मुलगा. ही मुलगी."

"आता आलात?" त्या म्हणाल्या. "आज पहाटेपर्यंत बोलत होत्या हो. कालचा सगळा दिवस दाराकडे बघून बसल्या होत्या. पोरगा येईल म्हणायच्या. पहाटे झटका आला. आता उजवी बाजू हलत नाही आणि वाचा गेलीये. कसली गोळी वगैरे चालू होती का त्यांना?"

मी मूठ उघडून पाकीट दाखवलं. सिस्टरांनी ते घेतलं आणि नाव वाचलं. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आले. त्यांनीही पाकीट पाहिलं. "हे आधी कळलं असतं तर..." एवढं म्हणून ते थांबले आणि केसपेपरवर काहीतरी लिहायला लागले.

"पण बाई, मी म्हणते, तीन दिवस तुम्ही होता कुठे?" सिस्टरांना राहवेना. त्यांनी टेबलावरचा स्क्रीन आमच्याकडे फिरवला. "इथे आम्हाला दिसतं. पेशंटची नोंद कुणी शोधून उघडली की इथे आकडा पडतो. हा बघा. आज दुपारपर्यंत शून्य. काल त्यांनी मला चारदा विचारलं, माझी कुणी चौकशी केली का म्हणून. मी काय सांगणार? मला तर वाटलं, घरच्यांनीच सोडून दिलंय. कुणी विचारलंच नाही हो त्यांना."

मी तोंड उघडलं. मला त्या बाईंच्या झिंज्या उपटायच्या होत्या. आम्ही जेवलो नाही, झोपलो नाही, बोटं दुखेपर्यंत विचारलं, हे सगळं मला त्या वॉर्डात ओरडून सांगायचं होतं. दादाने माझा दंड धरला.

"बरोबर आहे तुमचं," तो सिस्टरांना म्हणाला. "आमचा प्रश्न इथपर्यंत पोचला नाही."

खाट खिडकीजवळ होती. आई उशीला टेकून होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, करडा स्वेटर अजून अंगात. दादा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिची नजर त्याच्यावरून फिरली आणि त्याच्या चेहऱ्यावर थांबली. ओळखलं तिने. मी शपथेवर सांगते, ओळखलं. तिचे ओठ हलले, घशातून नुसता आवाज आला, शब्द झाला नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं. ती पुन्हा पुन्हा तोच आवाज काढत राहिली.

तीन दिवस मी दादाला सुनवायला कितीतरी साठवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तेव्हा तोंडात आलं नाही.

"विचारत होतो गं आई," तो म्हणत होता. "मी विचारत होतो. सारखा विचारत होतो."

ती त्यानंतर सात महिने जगली. बोलली नाही.